पालनी, ढोल आणि डोंगराचे पंचांग: वाचकांचे प्रश्न

सातपुडा आणि उत्तर सह्याद्रीच्या डोंगरपट्ट्यांत ऋतूंशी बांधलेले जे सण-उत्सव होतात, त्यांविषयी वाचकांकडून प्रश्न मागवले होते. आलेल्या पत्रांपैकी काहींना येथे उत्तरे देत आहे. एकाच आशयाची पत्रे एकत्र केली आहेत आणि पत्रलेखकांची नावे वगळून केवळ गावे दिली आहेत.

प्रश्न (पुणे): नंदुरबार जिल्ह्यातील काठी येथील राजवाडी होळी पाहण्यासाठी आम्ही चार मित्र जाणार आहोत. तेथे नेमके काय असते, किती वाजता पोहोचावे आणि छायाचित्रे काढलेली चालतात का?

काठी हे अक्कलकुवा तालुक्यातील मोलगीजवळचे गाव असून जुन्या पश्चिम खानदेशातील मेवासी संस्थानांपैकी एकाचे ते ठिकाण होते. येथील होळी 1246 सालापासून चालत आल्याचे तेथील परंपरा सांगते. मौखिक परंपरेने जपलेले ते साल आहे आणि त्याच आदराने ते ऐकावे. संस्थान गेले, पण होळीचा मान राहिला. आजही संस्थानाची गादी आणि शस्त्रे यांची पूजा झाल्यावर पुढचे विधी सुरू होतात.

आपण वेळ विचारली आहे, म्हणून प्रथम तेच सांगतो. ही होळी संध्याकाळी पेटत नाही. दिवस मावळण्याच्या सुमारास डोंगरातील गावोगावचे लोक ढोल घेऊन येऊ लागतात, रात्रभर नाच चालतो आणि होळी पेटते ती पहाटे, उजाडण्याच्या थोडे आधी. रात्री दहाला पोहोचून बाराला परतणाऱ्या पाहुण्यांना गर्दी आणि धूळ दिसते, होळी दिसत नाही. नंदुरबार हे जवळचे मोठे रेल्वे स्थानक आहे. तेथून अक्कलकुव्यास यावे आणि पुढे देवगोई घाटातून मोलगीच्या रस्त्याला लागावे. घाटरस्ता वळणावळणाचा असल्याने तो उजेडी पार करावा आणि रात्र तेथेच काढण्याची तयारी ठेवावी.

होळीचा दांडा हा सुमारे सत्तर फूट उंचीचा बांबू असतो. तो जंगलातून निवडून, विधिपूर्वक तोडून, खांद्यावरून आणला जातो. तो उभा करण्यासाठी जो खड्डा लागतो, तो खणताना लोखंडी अवजार वापरत नाहीत. माणसे गुडघे टेकून हातांनी माती उपसतात, एकाचे हात थकले की दुसरा पुढे होतो, आणि इतका उंच बांबू पेलेल एवढी खोली येईपर्यंत हे काम चालू राहते. आपण लवकर पोहोचलात तर हे अवश्य पाहावे. नाचाची छायाचित्रे सर्वत्र छापली जातात, परंतु माझ्या मते या होळीचा गाभा त्या खड्ड्याच्या काठावर अधिक स्पष्ट दिसतो. दांडा उभा राहिला की त्याच्याभोवती फेर धरले जातात, आणि पहाटे जळता दांडा कोणत्या दिशेला कलतो यावरून जाणती माणसे येत्या वर्षाचे अनुमान बांधतात.

आता ज्यांची छायाचित्रे आपणास घ्यावीशी वाटतील, त्यांच्याविषयी. डोक्यावर मोरपिसांचा किंवा बांबूच्या कामट्यांचा उंच टोप, अंगावर राखेचे अथवा तांदळाच्या पिठाचे पांढरे ठिपके, कमरेला वाळलेल्या दुधी भोपळ्यांची माळ आणि घुंगरू, अशा रूपातील पुरुषांना बावा, बुध्या, मोरखी अशा नावांनी ओळखतात. चेहरा काळा करून, हातात लाकडी पळी घेऊन फिरणारी काली असते. भोपळे पोकळ असल्याने पावलागणिक त्यांचा एकमेकांवर आपटून खुळखुळ असा आवाज होतो आणि शेकडो माणसे एका ठेक्यात नाचू लागली की तो ढोलाच्याही वर ऐकू येतो.

हा वेश कोणीही, केव्हाही चढवू शकत नाही. तो चढवणाऱ्याने होळीच्या आधीपासून पालनी धरलेली असते. पालनी म्हणजे व्रत. गावागणिक त्याचे नियम थोडे बदलतात, पण खाटेवर बसायचे किंवा झोपायचे नाही, पायांत काही घालायचे नाही, ब्रह्मचर्य पाळायचे, अंघोळ करायची नाही, जेवणाचे निर्बंध सांभाळायचे, हे बहुतेक ठिकाणी असते. कोणी घरातील आजारपण टळावे म्हणून नवस बोललेला असतो, कोणी पीक-पाण्यासाठी, कोणी मूल व्हावे म्हणून, आणि कित्येकांनी तो सलग अनेक वर्षांसाठी बोललेला असतो. पाच-सात दिवस एका होळीहून दुसऱ्या होळीला पायी जाऊन नाचल्यावर शेवटी नदीवर अंघोळ करून पालनी सोडतात. म्हणून आपल्यासमोर नाचणारा माणूस हा कलाकार आहे असे समजून त्यास 'जरा इकडे बघा' म्हणून थांबवणे, खांद्यावर हात टाकून सेल्फी काढणे, त्याच्या टोपाला हात लावणे हे टाळलेच पाहिजे. आळंदीच्या वाटेवरील वारकऱ्यास आपण ज्या मर्यादेने वागवतो, तीच मर्यादा येथे ठेवावी. दुरून, फ्लॅश न वापरता, फेर न अडवता काढलेल्या छायाचित्रांना सहसा कोणी हरकत घेत नाही. मात्र पूजेच्या वेळी पुजाऱ्यास विचारावे आणि तो नको म्हणाला तर कॅमेरा बाजूला ठेवावा. ड्रोन नेऊ नये, ही माझी कळकळीची विनंती आहे.

प्रश्न (नागपूर): भोंगऱ्या बाजारात तरुण-तरुणी एकमेकांना पसंत करून पळून जातात आणि त्यांचे लग्न लागते, असे मी अनेक ठिकाणी वाचले आहे. हे खरे आहे का?

असे लिहिले फार जाते, आणि त्या लिखाणाने या समाजातील अनेक सुशिक्षित तरुणांना, विशेषतः मुलींना, खोल दुखावले आहे. म्हणून उत्तर नीट समजून घ्यावे.

भोंगऱ्या हा होळीच्या आधीच्या आठवड्यातील आठवडे बाजार आहे. धडगाव आणि परिसरात त्यास भोंगऱ्या म्हणतात, तर मध्य प्रदेशातील झाबुआ, अलिराजपूर, बडवानी या जिल्ह्यांत तोच भगोरिया होतो. प्रत्येक मोठ्या गावाचा बाजाराचा वार ठरलेला असल्याने त्या आठवड्यात रोज कोठे ना कोठे भोंगऱ्या भरतो. होळीच्या पूजेला लागणारे दाळ्या, गूळ, खजूर, नारळ, साखरेचे हार-कंगन, नवे कपडे, घुंगरू, ढोलासाठी लागणारे सामान हे सर्व याच बाजारात घेतले जाते. ढोल आणि बासऱ्या घेऊन गावे वाजतगाजत येतात, सोयरे भेटतात, लेकी-जावयांची विचारपूस होते, गुजरातेत ऊसतोडीला किंवा इतर मजुरीला गेलेली माणसे होळीसाठी परतलेली असतात ती प्रथम येथेच दिसतात.

अशा बाजारात तरुण माणसे एकमेकांना पाहतात, बोलतात, त्यांतून काही लग्नेही जुळतात. पंढरपूरच्या वारीत किंवा एखाद्या जत्रेत सोयरीक जुळली म्हणून आपण वारीला लग्नाचा मेळावा म्हणत नाही. या समाजात विवाह ठरतो तो दोन्हीकडचे वडीलधारे आणि गावचे पंच बसून, आणि मुलाकडच्यांनी मुलीकडच्यांना द्यावयाचे देज ठरवून. दोघांनी घरच्यांना न विचारता निर्णय घेतला तरी पुढे पंचांना बसून तो मिटवावा लागतोच. गुलाल लावला, विडा खाल्ला की लग्न झाले, हे चित्र बाहेरून आलेल्या लेखकांनी आणि पुढे पर्यटनाच्या जाहिरातींनी रंगवले. त्याचा एक दुष्परिणाम असा झाला की काही बाहेरचे पुरुष याच कल्पनेने बाजारात येऊन मुलींकडे कॅमेरे रोखू लागले. आपण जेथे असे लिखाण वाचाल, तेथे संपादकांना कळवावे, एवढे आपल्या हाती आहे.

प्रश्न (नाशिक जिल्हा, एक शिक्षक): मी डोंगरातील एका जिल्हा परिषद शाळेत नव्याने रुजू झालो आहे. मार्गशीर्षात काही विद्यार्थ्यांचे वडील व मोठे भाऊ पंधरवडाभर घरी नसतात, मुलेही रात्री जागतात आणि शाळेत पेंगतात. विचारल्यावर 'डोंगऱ्या देव आहे' एवढेच उत्तर मिळते. शिवाय पुढच्या गावात हा उत्सव नसतो. हे काय आहे, आणि एकाच भागात सणांच्या तारखा वेगवेगळ्या का?

आपण रागावण्याऐवजी विचारलेत, याचा आनंद वाटला.

डोंगऱ्या देवाचा उत्सव कोकणा, मावची, भिल्ल आणि त्यांच्या शेजारच्या समाजांत, म्हणजे साक्री, नवापूर, बागलाण, कळवण, सुरगाणा आणि गुजरातमधील डांग या पट्ट्यात होतो. मार्गशीर्षात तो चालतो आणि पौर्णिमेला त्याची सांगता होते. तोवर भात आणि नागली खळ्यावर येऊन गेलेली असते, शेतात करण्यासारखे फारसे उरत नाही, आणि ज्या डोंगराने पाणी, चारा, कंद, लाकूड दिले त्याचे देणे फेडण्यास माणूस मोकळा होतो.

व्रत धरणाऱ्यांना माऊली म्हणतात. ते अनवाणी राहतात, घरी न झोपता खळीवर एकत्र राहतात, आहाराचे नियम पाळतात आणि दिवसा आसपासच्या गावांत नाचत जाऊन धान्य मागून आणतात. खळीत थोंब, म्हणजे देवाचा खांब, रोवलेला असतो. रात्री शेकोटीभोवती, पावरीच्या सुरावर, फेर धरून नाच होतो. मधूनच एखाद्याच्या अंगात वारे येते, भगत त्यास सावरतो, आणि कथकरी देवांच्या व डोंगरांच्या कथा सांगत राहतो. पौर्णिमेच्या रात्री सर्व माऊल्या आपापल्या ठरलेल्या गडावर जातात, रात्रभर जागतात, सूर्योदयाच्या सुमारास तेथील गुहेपाशी पूजा करतात आणि खाली उतरल्यावर गावजेवण होते.

पावरी हे वाद्य आपण जवळून पाहिले नसेल तर मुलांनाच दाखवायला सांगावे. वाळलेला दुधी भोपळा, त्यात बसवलेल्या बांबूच्या नळ्या आणि पुढे बैलाचे शिंग, असा तिचा बांधा असतो, आणि सांधे मधमाशांच्या मेणाने बुजवलेले असतात. वाजवणारा गाल फुगवून श्वास न तोडता फुंकत राहतो, त्यामुळे सूर तुटत नाही. त्याच पट्ट्यातील थाळीचे वाद्य तर याहून साधे आहे. काशाच्या थाळीच्या मध्यभागी मेणाने एक काडी उभी चिकटवतात आणि बोटांच्या चिमटीत ती वरून खाली ओढत राहिले की थाळी गुंजू लागते. त्या गुंजारवावर कथकरी तासन्‌तास कथा लावतो. आपल्या विद्यार्थ्यांपैकी कोणाचा तरी आजा हे नक्की करत असेल. ध्वनीचा धडा शिकवताना त्यास वर्गात बोलवावे. मात्र पावरी ऋतूबाहेर वाजवण्यास तो नकार देईल, तेव्हा आग्रह धरू नये.

पुढच्या गावात हा उत्सव का नाही, याचे कारण असे की तो प्रत्येक गाव दरवर्षी करीत नाही. खर्च मोठा, व्रत कडक, आणि माणसे मोकळी हवीत, म्हणून नवसाप्रमाणे आणि काही वर्षांच्या अंतराने गावे तो धरतात. यंदा आपल्या गावाने धरला असेल, तर पुढची एक-दोन वर्षे तो शेजारच्या गावात दिसेल आणि आपले विद्यार्थी तेथे पाहुणे म्हणून जातील.

तारखांचा प्रश्न याहून मोठा आहे. सातपुड्यात तर दिवाळीसुद्धा गावोगावी वेगळ्या दिवशी होते. छापील पंचांगातील दिवाळी होऊन गेल्यावर, पिके घरात आली की, गावचा पाटील, पुजारा आणि जाणती माणसे बसून आपल्या गावाचा दिवस ठरवतात. त्यामागे सोय आहे आणि विचारही आहे. एका गावाची दिवाळी असताना दुसऱ्या गावचे सोयरे पाहुणे म्हणून येतात, आणि पुढच्या आठवड्यात पहिले गाव दुसऱ्याकडे जाते. सर्वांनी एकाच दिवशी सण केला तर प्रत्येकजण आपापल्या घरी राहील आणि पाहुणा कोणीच होणार नाही. होळीचेही तसेच आहे. डाब येथील होळी देवाची म्हणून आधी पेटते आणि मग ठरलेल्या क्रमाने इतर गावांच्या होळ्या होतात, म्हणूनच काठीला नाचलेला बुध्या पुढच्या रात्री दुसऱ्या गावी नाचू शकतो.

शासनाच्या सुट्ट्यांच्या यादीत हे बसत नाही, हे खरे. परंतु शाळांना स्थानिक सुट्ट्या देण्याची सोय असते. गावसभेत उत्सवाचा दिवस ठरला की त्याच आठवड्यात शाळा व्यवस्थापन समितीने ती तारीख मागून घ्यावी. घटक चाचणी त्या पौर्णिमेच्या आसपास ठेवू नये. एवढ्याने आपली निम्मी अडचण सुटेल.

प्रश्न (ठाणे): एका दुकानात बोहाड्याचे जुने, रंग उडालेले मुखवटे विक्रीस आहेत. दिवाणखान्यात लावण्यासाठी घ्यावेत का?

जुने घेऊ नयेत, नवे जरूर घ्यावेत.

बोहाडा हा मुखवटे घालून सोंगे नाचवण्याचा उत्सव जव्हार, मोखाडा, पेठ, सुरगाणा या भागांत मुख्यतः चैत्र-वैशाखात, पावसाच्या आधी, रात्रीच्या वेळी होतो. गणपती आणि शारदेची सोंगे आरंभी येतात, मग रामायण-महाभारतातील देव-दैत्य एकेक करून मशालींच्या उजेडात, संबळ आणि सनईच्या तालावर नाचत जातात, आणि अखेरीस जगदंबा महिषासुराचा वध करते. कोणते सोंग कोणी घ्यायचे याचा मान अनेक गावांत घराण्यांकडे चालत आलेला आहे. मुखवटा घरात पूजेने ठेवतात, सोंग घेण्यापूर्वी त्यास नारळ देतात. गावच्या बोहाड्यात नाचलेला असा मुखवटा बाजारात येतो तो बहुधा कोणाच्या तरी अडचणीमुळे, आणि तो गेल्यावर त्या गावातील एक सोंगच बंद पडते.

लाकडाचे आणि कागदाच्या लगद्याचे नवे मुखवटे करणारे कारागीर जव्हार परिसरात आजही आहेत, आणि विक्रीसाठी म्हणूनच ते ते घडवतात. थेट त्यांच्याकडून घ्यावेत आणि सांगितलेली किंमत द्यावी. लगदा वाळवण्यास ऊन लागते, म्हणून पावसाळ्यात घाई करू नये.

प्रश्न (अमेरिकेतील एक महाराष्ट्र मंडळ): आमच्या मे महिन्यातील कार्यक्रमात तारपा नृत्य बसवायचे आहे. काही पथ्ये आहेत का?

तारपा या फुंकून वाजवायच्या वाद्याचा काळ पावसाळा सरता सरता, नवे भात तयार होण्याच्या सुमारास सुरू होतो आणि दिवाळीनंतर काही काळ चालतो. वारली, कोकणा, मल्हार कोळी हे समाज तो वाजवतात. वसूबारसेच्या दिवशीच या पट्ट्यात वाघबारस असते, गुराखी वाघदेवाला खीर-नैवेद्य दाखवतात, आणि तारप्याचा नाच ऐन भरात असतो तो या दिवसांत. मे महिन्यात तेथे तारपा वाजत नाही. म्हणून शक्य असल्यास हा कार्यक्रम दिवाळीच्या संमेलनात घ्यावा. मेमध्येच करायचा असेल तर 'तारप्यावर आधारित नृत्य' असे प्रामाणिकपणे जाहीर करावे, नाचणाऱ्यांना कमरेला पाने बांधून 'आदिवासी' दाखवू नये, आणि तारपा वाजवणाऱ्यास मध्यभागी ठेवून सर्वांनी त्याच्या मागोमाग फेर धरावा. जिव्या सोमा मशे यांच्या वारली चित्रांतील गोलाकार फेर आपण पाहिला असेलच. तो नीट निरखला तर पावले आणि हात कसे गुंफायचे ते कळेल.

प्रश्न (सुरत): अस्तंब्याची यात्रा वयस्कर माणसास झेपेल का?

अस्तंबा डोंगर अक्राणी तालुक्यात असून त्याची उंची सुमारे 1,300 मीटर आहे. धनत्रयोदशीपासून नरक चतुर्दशीपर्यंत यात्रेची गर्दी असते, आणि चढ मुख्यतः रात्री पायी केला जातो. कपाळावरची जखम घेऊन तेल मागत फिरणारा अश्वत्थामा या डोंगरात आहे, अशी श्रद्धा आहे, म्हणून यात्रेकरू तेल नेतात. शेवटचा टप्पा खडकाळ आणि अरुंद आहे. गुडघ्यांचा किंवा हृदयाचा त्रास असलेल्यांनी पायथ्याशीच दर्शन मानावे. सोबत तरुण माणूस, विजेरी आणि पाणी असल्याखेरीज निघू नये.

प्रश्न (पुणे, सातपुड्यातील पावरा समाजाचा विद्यार्थी): आमचे मूळ गाव सरदार सरोवराच्या पाण्यात गेले. आता आम्ही तळोदा तालुक्यातील पुनर्वसन वसाहतीत राहतो. मी वसतिगृहात असतो. आजोबांना इंदलाची गाणी येतात, मला येत नाहीत. मी काय करू शकतो?

महाराष्ट्रातील 33 गावे त्या जलाशयाने बाधित झाली, आणि त्यांच्याबरोबर देवांच्या जागा, होळीची माळराने, ज्या कळंबाच्या फांद्या इंदलात रोवायच्या ती झाडेही गेली. सपाटीवरच्या वसाहतीत आलेल्या अनेक कुटुंबांनी गावदेव पुन्हा मांडले आणि होळी पुन्हा उभी केली. ज्या वडीलधाऱ्यांनी हे केले, त्यांत आपले आजोबा असतील.

इंदल हा नवसाचा, रात्रभराचा आणि गाण्यांवर उभा असलेला विधी आहे. गाणी क्रमाने गावी लागतात आणि क्रम चुकून चालत नाही. म्हणून आपण प्रथम गाण्यांचा क्रम लिहून घ्यावा, शब्द नंतर. पावरी बोली देवनागरीत लिहिताना प्रमाण मराठीप्रमाणे 'सुधारू' नये, कानाला जसे येते तसेच ठेवावे. आजोबांची परवानगी घेऊन मोबाईलवर त्यांचा आवाज ध्वनिमुद्रित करावा. काही गाणी विधीबाहेर गायची नसतात. ती ते गाणार नाहीत, आणि त्यांनी थांबवले तेथे थांबावे. प्रत्येक ध्वनिमुद्रणाच्या आरंभी गाणाऱ्याचे नाव, मूळ गाव, आताची वसाहत, महिना आणि ते गाणे विधीच्या कोणत्या टप्प्यावर येते, हे आपल्या तोंडाने बोलून ठेवावे.

परीक्षांमुळे इंदलास जाणे जमत नसेल, तरी होळीला अवश्य जावे आणि पालनी धरायची असेल तर वसतिगृहातील खाटेचे काय, चपलांचे काय, हे पुजाऱ्यास आधी विचारावे. नोंदींची पहिली प्रत घरी, दुसरी वसाहतीच्या पाटलाकडे द्यावी, आणि विद्यापीठ किंवा अभ्यासक मागतील तेव्हा त्या दोघांच्या संमतीनेच तिसरी करावी.